गळ्यातलं

त्या तीन महिन्यांत माझ्या गळ्याला जेवढ्या लोकांचे अंगठे लागले, तेवढे वाडीतल्या नळालाही लागले नसतील.

थायरॉईडला गाठ आहे, एवढंच मी शाळेत एका सहशिक्षिकेला सांगितलं होतं. तळा गावाहून एसटीने मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मग रोज कोणी ना कोणी "म्हटलं गाठ घेऊन जाऊ" म्हणत यायचं आणि खरोखरच गाठ घ्यायचं. शेजारची काकू तर बोंबील साफ करता करता उठून आली. हात पदराला पुसला न पुसला आणि अंगठा थेट माझ्या नरड्यावर. "कुठं गो? हितं? व्हय, हाय हाय!" इतक्या आनंदाने म्हणाली, जणू तिचंच काही हरवलेलं सापडलं. तीनदा साबण लावला तरी रात्री उशीवर बोंबलाचा वास येत होता. मला शिसारी आली. तिची आली, आणि खरं सांगायचं तर माझ्याच गळ्याचीही आली.

गाठ सापडली होती माणगावला, सोनोग्राफीत. डॉक्टर म्हणाले, सुई घालून तपासून घ्या. सुईसाठी पनवेलला गेले. तिथल्या बाईने दारातूनच ओरडून सांगितलं, "गळ्यातलं काढून ठेवा, गळा मोकळा पाहिजे." मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं. सुई झाली, पट्टी चिकटवली, आणि डोकं इतकं बधीर झालं होतं की मंगळसूत्र पर्समध्येच राहिलं. स्टॉपवर उतरले तर समोर काकू. तिने पट्टी पाहिलीच नाही. तिला दिसला तो माझा मोकळा गळा.

आठवड्याने रिपोर्ट आला. डॉक्टर भला माणूस होता, त्याच्यावर चिडता येईना म्हणून मला जास्तच चीड आली. तो म्हणाला, "गाठ चांगली आहे असं लिहून देता येत नाही. वाईट आहे असंही म्हणता येत नाही. पेशी थोड्या वेगळ्या दिसतायत. अशा बऱ्याच गाठी निरुपद्रवी निघतात. तीन महिन्यांनी पुन्हा सुई घालू. पुन्हा असंच आलं, तर आणखी एक तपासणी करायची की गाठीच्या बाजूची अर्धी ग्रंथी काढायची, ते तेव्हा ठरवू." ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाला, आवाजाच्या नसा तिथूनच जातात, धोका थोडा असतो, पण असतो.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. चाळीस पोरांच्या कलकलाटावर चढणारा आवाज, एवढीच माझी मिळकत. कॅन्सर निघाला तर काय, ही एक भीती होती. काहीच नसताना गळा कापून बसले आणि आवाज गेला तर काय, ही दुसरी. दोन्ही भीती मी पोरांच्या वह्या तपासता तपासता रोज गिळत होते, आणि गिळताना ती गाठ मला लागते आहे असं वाटायचं. डॉक्टर म्हणाला होता, एवढीशी गाठ अशी लागत नाही. मला लागत होती.

वाडीला मात्र काही शंका नव्हती. काकूने निदान केलंच होतं: "गळा मोकळा घिऊन आली ना, मंग असंच व्हनार. धड हो न्हाय, धड नाय न्हाय." धाकटा दीर मुंबईला असतो, फोनवर त्याचं निदान वेगळं. "वहिनी, तुम्ही वेळ घालवताय. काढून टाका एकदाचं." जणू चुकीच्या जागी ठोकलेला खिळा होता तो. नवरा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात आहे, शनिवारी घरी येतो. तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकायला गोड असतं. पण मी काही म्हणायला तोंड उघडलं की तो मोबाईल उघडायचा.

शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं, देवीला कौल लावायचा. देवीच्या अंगावर डावीकडे आणि उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. रविवारी सगळे देवळात. दीर मुद्दाम आलेला. गुरवाने आधी शेंदूर-तेलाच्या बोटांनी माझी गाठ दाबून पाहिली, त्यालाही पाहायचीच होती. मग पाकळ्या चिकटवल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्या घरच्या सूनबाईचं गळ्यातलं काढायचं काय? काढायचं आसंल तं उजवा दे."

काही वेळ कोणी श्वास घेतला नाही. मीही नाही, हे कबूल करते. मग उजवी पाकळी टपकन पडली.

"झालं!" दीर हात जोडून म्हणाला. "देवीनंच सांगितलं. उद्याच ऑपरेशनची तारीख घेतो."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "आप्रेशन? कसलं आप्रेशन? मी गुरवाला मंगळसूत्राचं इचारायला सांगितलंवतं. दुसऱ्या सुईला गळ्यातलं काढलं तं चालंल का, येवढंच."

"अगं आई, मी त्याला गाठीचं विचारायला सांगितलं! गळ्यातलं म्हणजे गळ्यातलं!"

"गळ्यातलं म्हंजी मंगळसूत्र! गाठीला कोन गळ्यातलं म्हनतं?"

गुरव मान खाजवत उभा. दोघांचं ऐकून घेतलं होतं, दोघांना पुरेल असं एक गाऱ्हाणं त्याने घातलं होतं. मायलेक देवीसमोर भांडले. पुन्हा कौल लावायचा की पहिलाच धरायचा यावरही भांडले. नवरा नारळाच्या शेंडीचे दोरे उपटत होता. आणि ज्या गळ्यावरून हे सगळं चाललं होतं, तो गळा तिथेच खांबाला टेकून उभा होता, मानेवर शेंदराचं बोट घेऊन. त्याला कोणी विचारलं नाही. मला त्या क्षणी सगळ्यांची किळस आली. तेलाची, अगरबत्तीची, नवऱ्याच्या वाकलेल्या मानेचीसुद्धा.

मी पदराने शेंदूर पुसला आणि म्हणाले, "सुई ठरल्या तारखेलाच घालणार. ऑपरेशन करायचं की नाही, ते रिपोर्ट आल्यावर मी ठरवणार. गाठ माझी आहे." आवाज सभामंडपात घुमला. अजून शाबूत होता, तेवढंच बरं वाटलं.

दीर रुसून मुंबईला गेला.

सुईच्या दिवशी सकाळी मी घरातच मंगळसूत्र काढलं. पुन्हा पर्समध्ये विसरायला नको म्हणून कपाटाकडे निघाले. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, तिथून हाक आली.

"कपाटात नको टाकूस. हान हिकडं."

मी दिलं. सासरे जाऊन किती वर्षं झाली, सासूबाईंच्या गळ्यात मी काळा मणीही पाहिला नव्हता. त्यांनी मंगळसूत्र स्वतःच्या गळ्यात घातलं, मागे हात नेऊन हूक लावला आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

कुंपणापाशी काकू उभीच होती. तिचं तोंड उघडं ते उघडंच.

"बघतंस काय?" सासूबाई सूप न थांबवता म्हणाल्या. "मोकळा गळा नको ना तुला? आता मोकळा न्हाय. आनि दाबायचा आसंल तं ये, माझा दाब."

संध्याकाळी मी परतले तेव्हाही त्या ओट्यावरच होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात मिळणार होता. त्यांनी तो विचारलाही नाही. मंगळसूत्र काढून माझ्या गळ्यात घातलं. दिवसभर त्यांच्या अंगावर राहून ते ऊन झालं होतं. हूक लावून त्यांनी वाट्या पुढे सरळ केल्या, पण गाठीला बोट लागू दिलं नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या तीन महिन्यांत त्यांनी तिथे बोट कधीच लावलं नव्हतं.