मोहिनीनं ठेवलेली नावं

सुरगाण्याच्या डोंगरातली मोहिनी भोये नाशकात कॉम्प्युटर शिकली आणि सत्त्याण्णव साली ओझरच्या रस्त्यावरल्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजात लागली. खोली तापली की भोंगा वाजावा, असा प्रोग्राम तिनं आख्खा पावसाळा घालून सी भाषेत लिहिला. त्यात दर आकड्याला नाव द्यावं लागतं. तिनं वाचणाराला लगेच कळतील अशीच दिली: थंडीला थंडी, भोंग्याला भोंगा.

प्रोग्रामच्या उद्घाटनाला पडद्यावर नाव झळकलं ते स्टोरेजच्या मालकाच्या, शेठच्या, पुतण्याचं, सुयशचं. त्यानं कीबोर्डावर भेळ सांडण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

"शेठ, लिहिलाय मी."

"लिवला आसशील. नाव कुनाचं का आसंना, मशीनला काय कळतंय?"

सुयश खिदळला. "मोहिनीताई, डोंगरात नागली लावायचं काम नाय हे. नावं आमची राहू द्या."

मोहिनीनं नोकरी सोडायचं ठरवलं. जायच्या आधी तिनं प्रोग्राममधलं एकेक नाव खरवडून काढलं. थंडीला बापाचं नाव दिलं, भिमाजी. दाराला शेळीचं. आणि भोंग्याला जन्मात तोंड न उघडलेल्या झिपरूमामाचं. प्रोग्राम होता तसाच चालला. मशीनला खरंच काही कळलं नाही.

पुढं शेठनं आणखी एक खोली बांधली. ती प्रोग्रामात जोडायला नवा माणूस आणला, मनोज. तो डोकं धरून बसला.

"शेठ, हितं लिहिलंय, भिमाजी तापला की झिपरूला उठव. कोण हे?"

बाहेर द्राक्षांच्या गाड्या उभ्या. सुयशला तर काहीच सांगता येईना. मोहिनीनं आता स्वतःचा कॉम्प्युटर क्लास काढला होता, शेठ तिथं गेले.

"पोरी, लय अडचन झाली. चल की."

"नावं कुणाची का असंनात, शेठ. मशीनला काय कळतंय?"

शेठनं मान खाली घातली. "काय पायजे तुला?"

"पडद्यावर माझं नाव. सुरगाण्यासकट."

स्टोरेजात येऊन सुयशला खुर्चीवरून उठवून ती बसली. जुनी नावं परत घातली, खोली जोडली, पडद्यावर 'मोहिनी भोये, सुरगाणा' लिहिलं. शेवटी आणखी एक नाव आपल्या मनानं घातलं आणि मशीनला प्रोग्राम तपासायला लावला. मशीननं इंग्रजीत एक ओळ काढली. मनोजनं ती मोठ्यानं मराठीत सांगितली, "सुयश नावाची जागा ठेवलीय, पण तिचा कुठंच काही उपयोग नाही."

गाडीवरचे हमाल फिसकन हसले. सुयश लालबुंद.

"काढ की गं ती ओळ," शेठ पुटपुटले.

"राहू द्या," मोहिनी पर्स उचलत म्हणाली. "प्रोग्रामला हात लावाल तेव्हा तेव्हा दिसंल. एवढं मात्र मशीनला कळतंय."