खुर्चीतून उठता आलं नाही

मित्रांनो, आज दुपारची गोष्ट सांगतो.

मी चांदूर बाजारचा. पंचवीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. दोन वर्षांपासून किडन्या निकामी आहेत, आठवड्यातून तीनदा अमरावतीला डायलिसिस असतं. आज तिथं नवीन फिजिओथेरपिस्ट मॅडम आल्या. म्हणाल्या, "सर, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठून दाखवा."

मला हसूच आलं. हात छातीशी बांधले अन् जोर लावला. उठता आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

मॅडम हसल्या नाहीत. "घरी दिवसभर काय करता?"

"पडून राहतो. बायको काही करूच देत नाही."

शेजारच्या बेडवर बडनेऱ्याच्या रेहानाबी असतात. साठी ओलांडलेली बाई. त्या सलग आठ वेळा उठल्या-बसल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, माह्या घरवाल्यालेबी हाच आजार होता. आमी त्याले जपून जपून पलंगावरच ठेवलं. पयले मोरीपर्यंत जाणं बंद झालं, मंग कुशीवर वळणं. मशीन रगत धुते, पायात ताकद नाई भरत. तुमी काहून निजून राहता?"



घरी पोचलो तर बायकोनं दारातच दंड धरला. पलंगावर धुतलेली चादर घातली होती. "थकले असान, पडा जरा," ती मायेनं म्हणाली.

मी पडलो. हे पडूनच लिहितोय. उठायला हवं, हे कळतंय, पण अजून उठलो नाही.

तुमच्या घरातलं आजारी माणूस आधाराशिवाय उठलेलं तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?