शनिवारचा आकडा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून न बदलणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे राहू गावच्या तालमीतले सगळ्यांचे मामा. भीमेचं पात्र सरकत होतं, पुढारी पक्ष बदलत होते; मामा मात्र साठीतही रोज तेवढेच जोर, तेवढ्याच बैठका मारत, तेवढंच दूध पीत आणि भेटेल त्याला "खाल्लं का काई?" एवढंच विचारत. पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझा दंड चाचपला आणि ह्याला घरी कुणी जेवाय देत न्हाई व्हय, असं सगळ्या तालमीला विचारलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याचे एक डॉक्टर अभ्यास करत होते: कसलेल्या माणसाच्या रक्तातले हार्मोनचे आकडे, तो निवांत असताना, रोज सारखेच राहतात का? रक्त घ्यायला होतो मी, शिरूरच्या एका लॅबमधला शिकाऊ. काम नीट झालं तर डॉक्टर मला पुण्यात कायम करणार होते, आणि माझं लग्न त्याच बोलीवर ठरलं होतं. महिनाभर मी राहूलाच मुक्काम टाकला. नियम सोपा होता. उठल्यावर व्यायाम नाही, अर्धा तास पडून राहायचं, सहाला रक्त द्यायचं, मेहनत त्यानंतर. सुई बघून दोन तगडे पैलवान चक्कर येऊन पडले. मामा हात पुढे करत आणि दुखतंय का रं, असं मलाच विचारत.

आकडे आले. सगळ्यांचे रोज जवळपास सारखे. मामांचे तर रेघ मारल्यासारखे, फक्त दर शनिवारी उडी. शनिवार मारुतीचा, तालमीला सुट्टी. मेहनतीनं आकडा चढतो हे ठाऊक होतं, पण सुट्टीच्या दिवशी चढेल कसा? मी नमुन्यांची अदलाबदल करतो, असं डॉक्टरांनी फोनवरच ठरवलं आणि सोमवारी सामान घेऊन परत यायला सांगितलं. मी मामांना विचारलं, तर त्यांनी मारुतीकडे हात करून सांगितलं की शनिवारी एक जोरसुद्धा मारलेला नाही. मामा खोटं बोलत नसत, तेव्हा खोटा मीच ठरलो.

रविवारी बॅग भरताना मी सहज म्हणालो, शनिवारी आखाड्याची माती एवढी भुसभुशीत कशी असते?

"म्याच खणतो की. पहाटं, पूजेच्या आधी, समदा हौदा."

"मामा, मग हा व्यायाम नाही?"

"त्यो कसला व्यायाम? ती मारुतीची सेवा हाय."

आणि एवढी सेवा उरकून ते नियमाप्रमाणे अर्धा तास अगदी शहाण्यासारखे पडून राहत होते. मग मी त्यांना लग्नाचं आणि नोकरीचं सगळं सांगितलं.

सोमवारी सहाला मामांची जागा रिकामी. पहिल्या एसटीनं पुण्याला गेले, असं पैलवान म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. तीस वर्षांत मामांची तालमीतली एक सकाळ चुकली नव्हती. दुपारी ते परत आले, टोपी झटकली.

"सांगितलं डाक्टरला. चूक माझी हाय, ह्यो गडी खरा हाय. तू बॅग सोड. खाल्लं का काई?"

मी कायम झालो, लग्न झालं, पुण्यात घर झालं. मामा आता नाहीत. त्यांचे उपकार मानायचे राहूनच गेले, कारण भेटायला गेलो की ते मला समोर जेवायलाच बसवत. त्या अभ्यासाच्या तक्त्याची एक प्रत मी जपून ठेवली आहे. मामांच्या ओळीत महिनाभराचे आकडे आहेत, फक्त एक रकाना कोरा आहे. त्या सकाळी सहाला मामा माझ्यासाठी पुण्याच्या गाडीत होते.