कोनाड्यापाशी वळलेला नाग

दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि मोबाईलवर ऑनलाइन चित्रस्पर्धेवाल्यांची मेल आली. माझं चित्र अंतिम फेरीच्या दहांत निवडलं गेलं होतं. पण हुबेहूब तसंच चित्र आणखी एका बाईनं पाठवलंय, तुमचंच असल्याचा पुरावा परवापर्यंत द्या, नाहीतर दोन्ही बाद, असं लिहिलं होतं. सोबत तिचं चित्र जोडलेलं. नऊ नाग, उजवीकडच्या नागाचं शेपूट मध्येच काटकोनात वर गेलेलं. खाली माझ्या धाकट्या बहिणीचं नाव.

माझं डोकंच फिरलं. ती रोहणा गावात राहते, तिला फोन लावला आणि ख्यालीखुशालीही विचारली नाही.

"माहं चित्र काऊन पाठवलं तू?"

"तुहं?" ती म्हणाली. "मी तं घरचे नाग काढले. तू बी भरलं काय?"

"पहिलं मी भरलं. तू माघार घे."

"नाई घेत. माहं कुठी नाव आलंच नाई आजवर." तिनं फोन कापला.

खोटं कशाला बोलू, नियम मी वाचलेच नव्हते. 'हे चित्र पूर्णपणे माझी स्वतःची निर्मिती आहे' या वाक्यापुढे बिनधास्त टिक केली होती. हे नाग माझी आई काढते. दर नागपंचमीला ती हिंगणीच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीला चुना लावते आणि काजळाच्या बोटानं नऊ नाग काढते. त्या भिंतीत दिव्याचा कोनाडा आहे, म्हणून शेवटच्या नागाला तिथं वळावं लागतं. आम्ही दोघींनी कागदावरही तो तसाच वळवला, जिथं कोनाडा नव्हताच. मी तर फॉर्ममध्ये ते शेपूट म्हणजे चौकट मोडणारी बाई, असं ऐटीत लिहिलं होतं. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून हिंगणी गाठली. भिंतीचा फोटो काढायचा आणि हे आमच्या घरचं आहे असं ठणकावून कळवायचं, एवढंच डोक्यात. पाहते तर बहीण आधीच भिंतीसमोर मोबाईल धरून उभी. आमची जुंपली. शिकवलं कुणाला आधी, हात कुणाचा चांगला, लहानपणी काजळ कोण कालवायचं, सगळं निघालं. आई खाली बसून सुपात तूर पाखडत होती. तिला स्पर्धेचं काहीच माहीत नव्हतं, ते आमच्या भांडणातूनच तिला कळलं.

ती पाखडायची थांबली.

"मंग माहे नाग तुमी दोघींनं पाठवले," ती म्हणाली. "मले एकीनंबी इचारलं नाई."

बहिणीनं मोबाईल खाली घेतला. मी बाजू सावरायला गेले, "आई, फॉर्मात तुह्या नावाले जागाच नव्हती."

"असती तं लिवलं असतं काय?"

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी बहिणीकडे पाहिलं, ती भिंतीकडे पाहत होती. दोघींनी तिथंच बसून माघारीची मेल पाठवली. पण आईला हो म्हणायला माझी जीभ काही उचलली नाही.