नळीवरची तीन अक्षरं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी इथे टेक्ससमध्ये, अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता निवडत होते. "हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. महिना उलटला, तरी माझ्या जिवाला थारा नाही.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ, जवळच फ्रिस्कोत राहायचा. एका इस्टेट सेलमधून, म्हणजे कुणी गेलं की घरातलं सामान विकायला काढतात तिथून, त्याने दोनशे वर्षांपूर्वीची लांब नळीची अमेरिकन रायफल उचलून आणली आणि ती कुणी घडवली हे शोधायचा नादच लागला त्याला. "एवढं राबून केलंय कुणीतरी, त्याचं नाव नको का कळायला?" म्हणायचा. नळीवर गंजात तीन पुसट अक्षरं होती, दोन लागायची, तिसरं लागत नव्हतं. कॅन्सर निघाला आणि मग त्याला दुसरं काही सुचेना. पेनसिल्व्हानियातल्या एका जाणकार म्हाताऱ्याने कळवलं होतं, तिरप्या उजेडात फोटो काढून पाठवा, तिसरं अक्षर दिसलं तर नाव सांगतो. "दसऱ्यानंतर काढू, ही केमो आटोपू दे," दादा म्हणाला.

खंडेनवमीला मी त्यांच्याकडेच होते. घरातली हत्यारं घासूनपुसून पूजायची, ही आमच्या आईची शिस्त. विळी झाली, सुऱ्या झाल्या, दादाचं ड्रिल झालं... आणि मला दुर्बुद्धी सुचली. दादा-वहिनी हॉस्पिटलात होते. रायफलीचं पितळ मी चिंचेनं उजळलं आणि नळी तारेच्या घासणीने खसाखसा घासली. हळदकुंकू वाहताना माझं मलाच कौतुक वाटत होतं.

दादा आला. नळीवरून त्याने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "छान निघाली गं," म्हणाला आणि खुर्चीत बसला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी रडायला लागले तर म्हणाला, "सणाचं रडू नये." त्यानंतर रोज टॉर्च तिरपा धरून तो नळी न्याहाळायचा. म्हाताऱ्याचं उत्तर आलं, दस्त्यावरच्या कोरीवकामावरून मुलूख सांगता येईल, माणूस नाही. नाव न कळताच दादा गेला. मी घालवलं ते.

परवा त्याच्या मुलीने, मीराने, त्याचे ईमेल उघडले. म्हाताऱ्याला त्याने लिहिलं होतं, नळी मीच घासली, चूक माझी.

"आत्या, बाबा इतका केअरलेस कसा गं? ही वॉन्टेड दॅट नेम सो बॅडली."

मी नुसती मान हलवली... तोंड उघडायची हिंमत झाली नाही. म्हणून इथे लिहितेय. मीराला मराठी वाचता येत नाही.