प्याल्याच्या तळावरचा ठसा

रविवारची सकाळ, बॉस्टनमधलं आमचं प्रार्थनाघर, आणि मेजावर झळाळणारा चांदीचा नवा प्याला. तो घडवला होता म्हाताऱ्या जेबेझ थॉर्लीनं. चाळीस वर्षं हात त्याचे राबले, पण भांड्यांच्या तळाला ठसा उमटला तो चांदीकामाच्या दुकानाच्या मालकाचा. मालक वारल्यावर जेबेझनं स्वतःच्या नावाचा पोलादी ठसा कोरला. मालकिणीनं तो हिसकावला. म्हणाली,

"थॉर्ली, तुमच्या नावाला गिऱ्हाईक कोण?"

आज प्रभुभोजनाचा द्राक्षारस भरलेला तोच प्याला हातोहात फिरत जेबेझपाशी आला. त्यानं तो न पिताच उंच धरून तळ पाहिला.

"आजोबा, प्या की! खाली काय मोती चिकटलाय?" शेजारचा नेथन कुजबुजला.

त्यावर जेबेझ जे बोलला ते त्याचं शेवटचंच बोलणं ठरलं. घरी पोचेपर्यंत त्याची वाचा गेली होती.

"मोती नाही रे, माझं नाव शोधत होतो. मेलेला मालक अजून माझ्या कामावर ठसा मारतोय."