सुलट बाजू आत

माझी धाकटी जाऊ शिवणाचे क्लास घेते आणि कुणाचं ऐकत नाही. एवढं सांगितलं तरी तिची ओळख पुरी होते, पण मग गाडीची गोष्ट राहून जाईल.

दीर गेले, त्यांची जुनी गाडी तिच्याकडे राहिली. मध्यंतरी ती चढावर हटून बसायला लागली. इंजिन नुसतं कोकलायचं, चाकांना पत्ता नाही, वर करपल्याचा वास. क्लच प्लेट झिजली होती. गॅरेजवाल्याने एवढ्या जुन्या गाडीला हात लावायला साफ नकार दिला. तिच्या मुलाला गाडी मोडीत काढायला आयतंच कारण मिळालं. आईला न विचारता त्याने भंगारवाल्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं आणि मग समजूत काढायला आला.

"कुठं जायचं ते सांगत जा ना, आई. मी सोडीन."

"सांगत जायचं, हेच मला नकोय."

पोरगा वाईट नाही. काळजीपोटी माणसाला कपाटात घडी करून ठेवणारे असतात, त्यांतला आहे. माझ्या घरीही एक आहे.

तिने नवीन प्लेट मिळवली, गाडीचं जुनं माहितीपुस्तक काढलं आणि शेडमध्ये गाडी स्टँडवर चढवली. खाली शिरण्याआधी गाडीला धक्के मारमारून पाहिलं. मी इतिहासाची एम.ए.; माझ्या वाट्याला उजेडासाठी बॅटरी धरायचं काम आलं. निघेल तो बोल्ट ती पुठ्ठ्यावर क्रमाने खोचत होती, कापडाला टाचण्या लावाव्यात तसा. जुनी गोधडी घातलेल्या जॅकवर आम्ही दोघींनी गिअरबॉक्स उतरवला. त्या वेळी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवी प्लेट बरोबर मध्यावर बसावी म्हणून तिने झाडूच्या दांड्याला, तो प्लेटच्या भोकात घट्ट बसेपर्यंत, कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या. कापडावर आखायच्या खडूने प्लेटवर खुणा केल्या.

शनिवारी दुपारी सगळं जोडून गाडी सुरू केली. क्लच पुरता दाबला तरी गिअर पडेना. नुसता खरखराट. मुलगा दारात उभा होता. "पुरे आता," एवढंच म्हणाला, आणि मला म्हणाला, काकू, तुम्ही तरी तिला सांगा. माझ्या हातात बॅटरी आहे, मी कशी सांगणार, असं मी त्याला विचारलं.

जाऊ पुन्हा खाली शिरली. सगळं परत उतरवलं. प्लेट बाहेर आली तशी ती आडवी पडल्या पडल्याच इतकी हसली की तिला ठसका लागला. प्लेटची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे हवी होती, ती इंजिनाकडे गेली होती. त्याच बाजूवर तिच्या अक्षरात ठसठशीत लिहिलेलं: सुलट. आयुष्यभर कापडाची सुलट बाजू आत घेऊन शिवण मारलेली. हातांनी इथेही तेच केलं.

"जाऊबाई, उसवायचं आणि परत घालायचं. क्लासच्या मुलींना रोज सांगते."

"मग आज स्वतः कर," मी म्हटलं. माझा खांदा भरून आला होता.

तिने केलं. संध्याकाळी गिअर मुकाट पडला. पण शेडमध्ये गिअर पडणं वेगळं आणि चढ चढणं वेगळं.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. जाऊ स्वच्छ कपड्यांत, नखं मात्र काळीकुट्ट. मी शेजारी बसले. फाटकाबाहेर लगेच उभा चढ आहे. अर्ध्यावर, बरोबर तिथे उभ्या असलेल्या मुलासमोर, तिने मुद्दाम गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही, पण दाराची कडी धरली. मग तिने क्लच हळूच सोडला, ब्रेक खाली केला आणि गाडी कुरकुर न करता वर सरकली.

मुलगा चार पावलं बरोबर चालत आला. कुठं निघालीस, म्हणाला.

"आल्यावर सांगते. तोवर भंगारवाल्यांना चहा दे, फुकट खेटा पडला बिचाऱ्यांना."

कुठं निघालो होतो ते मलाही माहीत नव्हतं. मी विचारलं नाही.